नळाच्या बदल्यात

१

ज्याच्यावाचून लोकांचं खरोखर अडतं असा कोल्टन वेल्समध्ये एकच माणूस होता, आणि मंगळवारी सकाळी नेमका तोच नाहीसा झाला. मेयर नाहीसा झाला असता तर महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी, एमिल कुबाला, नाहीसा झालो असतो तर फक्त माझी बहीण चिडली असती, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिची गाडी मीच चालवतो.

गेला तो क्रेसेन्सिओ बराझा. वीस वर्षं त्यानं आमच्या भागातले पंप आणि पवनचक्क्या चालत्या ठेवल्या. दक्षिण टेक्सासात पाणी जमिनीच्या पोटात असतं आणि ते वर आणणाऱ्याला लोक देवासारखं बोलावतात. क्रेसेन्सिओकडे या देशात राहण्याचे कागद नव्हते. हे गावात प्रत्येकाला माहीत होतं, फक्त ज्याचा पंप बंद पडलेला असे त्याला तेवढ्यापुरतं आठवत नसे.

त्याची जुनी पिकअप शेतरस्त्याच्या कडेला, मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत उभी सापडली. वांडा प्रुइटनं सगळं पाहिलं होतं. तोंडं झाकलेली दोन माणसं, काळी गाडी, क्रेसेन्सिओला मागच्या सीटवर बसवलं आणि धूळ उडवत गेले. वांडाला बातमी कळली म्हणजे चर्चची घंटा वाजवायची गरज नसते. दुपारपर्यंत गावभर झालं, बिनकागदाची माणसं धरणाऱ्या केंद्र सरकारच्या फेडरलवाल्यांनी क्रेसेन्सिओला उचललं.

वेळही कशी साधली बघा. गुरुवारी आमच्या गावच्या कौन्सिलमध्ये एका करारावर मतदान होतं. राज्याच्या राजधानीतल्या शहाण्यांनी नवा नियम काढला होता. बिनकागदाची परदेशी माणसं धरून द्यायला आमचे पोलीस फेडरल सरकारला मदत करतील, असा करार गावानं केला तर राज्याचा पैसा मिळेल, नाही केला तर नाही. आमच्या नळाला वर्षभर तांबूस पाणी येत होतं. पाण्याची टाकी, गाळण्याचं यंत्र, नवी नळवाहिनी, सगळं त्या पैशावर अडलं होतं. दोन सभासद करार करा म्हणत होते, दोन नको म्हणत होते, आणि पाचवी डेल्फिना अरेडोंडो ब्यूटी पार्लर चालवायची आणि ज्या बाईचे केस हातात असतील तिचंच मत तिला पटायचं.

त्याच दुपारी क्रेसेन्सिओची बायको ओफेलिया आमच्या ओसरीवर आली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"सेन्योरा," ती माझ्या बहिणीला म्हणाली, "फेडरलवाल्यांनी त्याला नेलेलं नाही."

"कशावरून?"

"त्याचा डबा कुठं आहे मग?"

२

माझी बहीण व्लास्टा. तीस वर्षं ती इथं जस्टिस ऑफ द पीस होती, म्हणजे गावातली चिल्लर भांडणं, लग्नं आणि बेवारस प्रेतं सगळी तिच्यापुढं यायची. निवृत्त झाली तरी लोक तिला जजच म्हणतात. माणूस खोटं बोलायला लागला की ती खुर्चीत मागं टेकते आणि त्याला पोटभर बोलू देते. डोळ्यांवर काळा चष्मा चढल्यापासून ती जास्तच भीतीदायक दिसत होती.

"बैस," व्लास्टा म्हणाली. "एमिल, कॉफी आण. आणि कालचे कोलाचे पाव आणू नकोस, दगड झालेत."

ओफेलिया बसली नाही. "मी त्याची गाडी बघून आले. काचा वर केलेल्या. चावी काचेवरच्या उन्हाच्या झडपेमागं, नेहमी ठेवतो तिथं. गाडी सावलीत. आणि त्याचा निळा कूलर, मी सकाळी भरून दिला होता, टॅको, पाण्याच्या बाटल्या, तो नाहीच. सेन्योरा, बेड्या घातलेला माणूस कूलर घेऊन जातो का?"

"कुणीतरी चोरला असेल," मी म्हणालो.

"चाव्या सोडून टॅको चोरले?" व्लास्टा माझ्याकडं न बघताच म्हणाली. "ओफेलिया, फेडरल कचेरीत फोन केलास?"

"केला. असा कुणी आमच्याकडं नाही म्हणाले."

"ते नेहमीच असं म्हणतात," मी म्हणालो, आणि या वेळी बहिणीनं मान डोलावली.

"त्याचं कुणाशी वाकडं होतं?"

"त्याचं?" ओफेलिया हसायला गेली पण जमलं नाही. "तो भांडतो ते फक्त यंत्रांशी. वाद म्हणावा तर एकच, हार्गिस पात्रोनशी, म्हणजे रँचच्या मालकाशी. उत्तरेच्या रानात त्यांची एक पवनचक्की आहे, दुष्काळापासून साखळीनं बांधून ठेवलेली. हा दर वेळी म्हणतो, मी मोकळी करून देतो, पैसे नकोत. पात्रोन म्हणतात, तिकडं गुरं नाहीत, ग्रीस कशाला वाया घालवतोस. तेवढ्यावरून घरी येऊन तास तास बोलतो. बंद चक्की बघितली की त्याच्या पोटात तुटतं."

"आणि त्याचा विश्वास कुणावर?"

"सगळ्यांवर," ओफेलिया म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

ती गेल्यावर आम्ही वांडाकडं गेलो. वांडाच्या ओव्हनमध्ये मांस-बटाट्याचं भाजलेलं कॅसरोल होतं. तिच्याकडं नेहमीच असतं, न जाणो कुणी वारलं तर त्यांच्या घरी न्यायला.

"अगं बाई, जज!" वांडा म्हणाली. "माझं काळीज अजून धडधडतंय. या बसा. एमिल, राजा, तू किती वाळलास!"

व्लास्टानं तिला सगळं बोलू दिलं. मग विचारलं, "ते निघाले तेव्हा तुझ्याच दिशेनं आले?"

"अगदी समोरून. काळी, मोठी, चकचकीत गाडी. एवढ्या धुळीच्या रस्त्यावर कशी ठेवतात बाई! नंबराची पाटी नाही. मागच्या काचेवर आतून एक मोठा कागद चिकटवलेला. दोघांची तोंडं झाकलेली, काळे चष्मे."

"मग?"

"मग काय, तो गेला, मी गेले."

"घाबरली नाहीस?"

"घाबरले तर! पण त्यानं बोट उचललं, मी पण उचललं, आणि गेले."

व्लास्टाचा काटा कॅसरोलच्या वर थांबला.

"त्यानं बोट उचललं?"

"स्टिअरिंगवरून. सगळेच उचलतात," वांडा जरा रागानं म्हणाली. "मीही उचललं. फेडरलवाले असले म्हणून काय झालं, मला रीतभात आहे."

३

आमच्याकडं शेतरस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंग न सोडता एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. हे कुणी शिकवत नाही, आणि इथल्या माणसाला ते आपण करतो हेही कळत नाही. माझ्या मेहुण्याला गाडीतच हार्ट अटॅक आला होता, तेव्हाही त्यानं समोरच्याला बोट उचलून दाखवलं होतं. शहरातून आलेला माणूस मात्र ते कधीच उचलत नाही. त्याला वाटतं समोरचा काहीतरी मागतोय.

"म्हणजे गाडी चालवणारा आपल्यातलाच," मी म्हणालो. बाहेरच्यानं नेलं असतं तर निदान शिव्या द्यायला सोयीचं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही पोलीसप्रमुखाकडं गेलो. रॉयस गॅन्ट दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनहून आला. चांगला इस्त्रीचा माणूस. दोन वर्षांत त्यानं एकदाही कुणाला बोट उचललं नव्हतं आणि त्यामुळं निम्मं गाव त्याच्याशी बोलत नव्हतं.

"जज, माझा संबंध नाही," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचा कौन्सिलचा ठराव आहे, गावातल्या कुणाला कागद विचारायचे नाहीत. मी विचारत नाही. उद्या करारावर सही झाली तर विचारायला लागेल. मी हुकमाचा नोकर."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याचा पगार मिळत नाही," गॅन्ट म्हणाला.

निदान खरं बोलला. असला माणूस मला मुळीच आवडत नाही, पण बोटाच्या हिशेबानं तो सुटला.

मेयर हार्लन टिडवेलचा गाड्या विकायचा धंदा. दुकानापुढं नव्या गाड्यांची रांग, वर झेंडा एवढा मोठा की सावलीत तीन गाड्या मावाव्यात. आम्हाला बघितल्याबरोबर त्यानं चेहऱ्यावर दुःख चढवलं.

"फार वाईट झालं, जज. सोन्यासारखा माणूस! पण मी म्हणतच होतो ना? आपण करार केला नाही म्हणून ते थांबले का? आले आणि घेऊन गेले. मग नाही म्हणून मिळवलं काय? माणूसही गेला आणि पाणीही तांबडंच. सही केली तर निदान आपले पोलीस मध्ये असतील, आपल्या माणसांशी सभ्यपणे वागतील. हेच मी काल डेल्फिनाला समजावलं. रडली बिचारी."

"केस कापता कापता?"

"हो, म्हणजे, मी कापून घेत होतो."

मेयरला टाळूवर केस नाहीत. गावाच्या भल्यासाठी माणसं काय काय सोसतात!

व्लास्टा रांगेतल्या एका काळ्या गाडीला हात लावून उभी राहिली. "ही फार स्वच्छ आहे रे, हार्लन."

"काल धुतली. नवी गाडी चमकलीच पाहिजे."

"आणि काचेवर हा कागद?"

"किमतीचा. विकेपर्यंत असतोच. नंबराची पाटीही विकल्यावरच मिळते," मेयर म्हणाला, आणि एकदम त्याला आठवलं की त्याचा फोन वाजतोय. फोन वाजत नव्हता.

तिथून आम्ही डब हार्गिसच्या गुरांच्या रँचवर गेलो. डब कौन्सिलवर आहे, करार करा म्हणणाऱ्या दोघांतला एक मेयर, दुसरा हा. नवी नळवाहिनी त्याच्या पडीक जमिनीजवळून जाणार होती, आणि पाणी आलं की तिथं घरांसाठी प्लॉट पाडायचे त्यानं कधीच ठरवलं होतं. तो ओसरीवर आरामखुर्चीत बसला होता. आम्हाला बसा म्हणाला, आइस टी आणवला, हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"क्रेसेन्सिओ माझ्या घरातलाच," डब म्हणाला. "माझ्या नातवाच्या बारशाला होता. त्याच्याबद्दल वाईट बोललेलं मी ऐकून घेत नाही."

"कुणी बोलत नाहीये, डब."

"बोललं तर, म्हणतोय मी. माझ्या अंगात बळ असतं तर मी त्या हरामखोरांना गोळीच घातली असती."

बाहेर वारा बरा होता. उत्तरेकडं क्षितिजावर पवनचक्की गरगर फिरत होती. दक्षिणेकडं गुरं कुंपणाला अंग घासत उभी होती. डब देशभक्तीवर बोलत होता, मग प्रभूच्या न्यायावर बोलला, मग पाण्याच्या भावावर. व्लास्टा खुर्चीत मागं टेकून बसली होती. मला कंटाळा आला. एखादा माणूस इतकं प्रामाणिकपणे दुःखी दिसायला लागला की मला त्याच्या खिशात हात घालून बघावंसं वाटतं.

परत निघालो. रँचचं फाटक ओलांडलं तोच व्लास्टानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"एमिल, माझ्या डोळ्यांना नुसतं चकाकताना दिसतंय. ती उत्तरेची चक्की फिरतेय का?"

"फिरतेय. वारा आहे."

"अरे गाढवा," माझी बहीण म्हणाली, "वारा तर दुष्काळापासून आहे. तिची साखळी कुणी सोडली?"

४

मागच्या बाजूनं काउंटीचा रस्ता जातो. त्या फाटकाला साधी कडी होती, कारण इथं कुलूप लावलं तर शेजारी रुसतात. पवनचक्कीच्या पायथ्याशी डबची हरणांच्या शिकारीची लाकडी खोली होती. दारात निळा कूलर. आणि वर, चक्कीच्या फळीवर, हात कोपरापर्यंत काळे झालेला क्रेसेन्सिओ बराझा.

"सेन्योर एमिल!" तो वरून ओरडला. त्याला आनंदच झाला होता. "बघा, काय पाणी काढतेय! पाइपमध्ये चिमणीचं घरटं होतं, बाकी काही नाही!"

तो खाली उतरला. कुणी त्याला बांधलं नव्हतं, कुणी पहारा देत नव्हतं. खोलीत गादी होती, डबाबंद बीन्स होत्या. व्लास्टानं त्याला तिथंच बसवलं.

"तुला इथं कुणी आणलं?"

क्रेसेन्सिओनं हात पुसले. "मला सांगायचं नाही असं ठरलंय."

"डब हार्गिसनं आणि मेयरनं."

त्यानं पुसलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाला, "पात्रोननी माझा जीव वाचवला, सेन्योरा. फेडरलवाले या आठवड्यात येणार, यादीत माझं नाव पहिलं, असं त्यांना आतून कळलं. म्हणून त्यांनी हे नाटक रचलं. मी गेलोच आहे असं सगळ्यांना वाटलं तर मला शोधणार कोण? मी गाडी सावलीत लावली, कूलर घेतला, आणि त्यांच्या गाडीत बसलो. शुक्रवारी मी घरी जाणार."

"शुक्रवारी का? गुरुवारी का नाही?"

"पात्रोन म्हणाले शुक्रवारी."

"गुरुवारी मतदान आहे, म्हणून," मी म्हणालो. मला राहवेना. "फेडरलवाले उचलून नेतातच, मग करार करून पैसा तरी घ्या, असं डेल्फिनाला वाटावं म्हणून. तुझ्या नावानं मतं मागतायत रे ते!"

क्रेसेन्सिओ माझ्याकडं बघत राहिला. आम्ही म्हातारे आहोत, गैरसमज झाला असेल, असं त्याला वाटत असावं. पात्रोननी त्याच्या मुलीच्या दवाखान्याचं बिल एकदा भरलं होतं, हे त्यानं आम्हाला दोनदा सांगितलं.

"ओफेलियाला का नाही सांगितलंस?" व्लास्टानं विचारलं.

"पात्रोन म्हणाले, तिला सांगू नकोस." तो मान खाली घालून बोलला. "तिचं रडणं खरं वाटलं पाहिजे."

मी आयुष्यात बरीच माणसं तुच्छ मानली, पण बहुतेकांच्या बाबतीत मला नंतर थोडं वाईट वाटलं. या दोघांच्या बाबतीत वाटलं नाही.

व्लास्टा उठली. "गाडीत बैस, क्रेसेन्सिओ. आडवा हो, पोतं ओढून घे. आधी ओफेलियाकडं."

"पण पात्रोन रागावतील."

"रागावू दे," माझी बहीण म्हणाली. "उद्या त्याला आणखी कारणं मिळतील."

५

गुरुवारी दुपारी कौन्सिल हॉल गच्च भरला होता. वांडानं कॅसरोल आणलं होतं, डेल्फिनानं पॅन दुल्सेचे गोड पाव, आणि पाण्याच्या जगमधलं तांबूस पाणी मेयरनं मुद्दाम पहिल्या रांगेसमोर ठेवलं होतं. प्रार्थना झाली, झेंड्याला सलाम झाला. मेयरनं क्रेसेन्सिओसाठी सगळ्यांना उभं केलं. डबनं हॅट छातीशी धरली. डेल्फिना रुमालानं डोळे टिपत होती.

"चर्चा?" मेयरनं विचारलं.

"माझी," व्लास्टा म्हणाली, आणि काळा चष्मा तसाच ठेवून पुढं गेली.

तिनं फार वेळ घेतला नाही. क्रेसेन्सिओची गाडी सावलीत होती, काचा वर होत्या, कूलर गेला होता. म्हणजे तो धरला गेला नाही, बोलावल्यावर गेला. गाडी चालवणाऱ्यानं वांडाला बोट उचलून दाखवलं. म्हणजे तो इथलाच, आणि म्हणून गॅन्ट नव्हे. इथं तिनं गॅन्टकडं बघून जरा मान झुकवली. गाडी नवी होती, पाटी नसलेली, काचेवर किमतीचा कागद. या गावात असल्या गाड्या एकाच दुकानात मिळतात. राहिलं एवढंच की माणूस ठेवला कुठं.

"दुष्काळापासून बांधलेली डबची उत्तरेची चक्की काल फिरत होती," व्लास्टा म्हणाली. "ज्या डबनं ग्रीस वाचवण्यासाठी तिला इतकी वर्षं बांधलं, तो ती या आठवड्यातच सोडणार नाही. ज्याला बंद चक्की बघवत नाही असा माणूस या काउंटीत एकच आहे. दोन दिवस रिकामा बसवला तर तो काय करेल, हे त्याला वीस वर्षं राबवणाऱ्याला कळायला हवं होतं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. डबचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. वांडा मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे मी हार्गिसला बोट दाखवलं? अगं बाई!"

"पुरावा काय?" मेयर ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी इतक्या जवळून प्रथमच ऐकल्या. "बिनबुडाचे आरोप! कुठं आहे तो क्रेसेन्सिओ? आणा त्याला!"

"बाहेर आमच्या गाडीत बसलाय," व्लास्टा म्हणाली. "आणते. सगळं तोंडानं सांगेल. फक्त तो आला तसा घरी जाईल, एवढा शब्द द्या."

मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो.

पाचांपैकी कुणीच शब्द दिला नाही. मेयर गॅन्टकडं झुकला. त्याला वाटलं असेल हळू बोलतोय, पण समोरचा माइक चालू होता.

"आत्ता धरता येईल त्याला?"

"नाही," गॅन्ट म्हणाला. "सही नाही."

"आणि सही झाली तर?"

गॅन्टनं हातातली टोपी फिरवली. "तर कागद विचारावे लागतील मला."

"मतदान," मेयर म्हणाला. "ताबडतोब."

"हार्लन, असं ठरलं नव्हतं," डब पुटपुटला. खुर्चीतून अर्धा उठला. "तो शुक्रवारी कामावर यायचाय."

"तो तोंड उघडेल, डब. मग तुझे प्लॉट कोण घेणार? कराराच्या बाजूनं कोण?"

मेयरचा हात वर गेला. डबनं हॅटकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि त्याचाही गेला. नको म्हणणारे दोघे नको म्हणाले. सगळा हॉल डेल्फिनाकडं वळला.

तिला आता सगळं माहीत होतं. फसवणूक माहीत होती, फसवणारे समोर होते, आणि ज्याला फसवलं तो दाराबाहेर आहे हे ऐकलेलं होतं. तिच्या पार्लरचा पंप त्यानंच बसवून दिला होता. ती जगमधल्या पाण्याकडं बघत होती.

"म्हणजे फेडरलवाले मुळात आलेच नव्हते," डेल्फिना हळूच म्हणाली. "मग एवढं भिण्यासारखं काही नाहीच म्हणायचं. आणि पाणी तर सगळ्यांनाच लागतं." आणि तिनं हात वर केला.

कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी वाजवली. मेयरनं सही केली, गॅन्टनं टोपी घातली आणि दाराबाहेर गेला.

६

तो परत आला तेव्हा पॅन दुल्से अर्धे संपले होते.

"गाडी रिकामी आहे," गॅन्ट म्हणाला. मला तो सुटल्यासारखा दिसला, पण त्याला वाटण्याचा पगार मिळत नाही.

"रिकामीच असणार," व्लास्टा म्हणाली. "काल दुपारीच तो आणि ओफेलिया गेले. दुसऱ्या राज्यात. कुठं ते मला विचारू नका, मी म्हातारी आहे, विसरते."

"तुम्ही खोटं बोललात!" मेयर ओरडला. "कौन्सिलसमोर!"

"बोलले. तीस वर्षं मी या गावाचे खटले चालवले, हार्लन. कोण काय करेल हे मला ऐकून माहीत होतं. आज जरा बघावंसं वाटलं." तिनं हॉलवर नजर फिरवली. वांडानं कॅसरोलवर झाकण ठेवलं. बाकी कुणी हललं नाही. "बघितलं."

आम्ही बाहेर आलो. ओफेलियाचं घर कोपऱ्यावरून दिसत होतं. तिनं पडदेसुद्धा काढून नेले होते. वीस वर्षांत जमवलेलं सगळं क्रेसेन्सिओच्या पिकअपच्या मागं कसंबसं बसलं होतं, आणि निघताना ओफेलिया एवढंच म्हणाली होती, की मंगळवारी तुमच्याकडं येण्याआधी मी ज्या माणसाच्या दारात रडत गेले तो पात्रोन मला आतून पाणी आणून देत होता. गाडीत बसतानाही ती क्रेसेन्सिओशी एक शब्द बोलली नाही, आणि तो तिचा हात सोडत नव्हता.

मेयरवर आणि डबवर खटला होईल असं काहीजण म्हणतात. साक्षीदार गावात नाही, आणि त्याला परत बोलवायला गावात कुणाचं तोंड उरलेलं नाही, तेव्हा म्हणणारे म्हणोत. पाण्याचा पैसा येईल. राजधानीतल्यांनी मेयरचं फोनवरून अभिनंदनही केलं.

मी गाडीचं दार उघडत होतो तोच डब हार्गिस मागून धावत आला. हॅट हातात, धाप लागलेली.

"जज, एक मिनिट. जे झालं ते झालं. मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं, देवाशपथ. तो… तो परत येईल ना?"

व्लास्टा गाडीत बसली.

"नाही, म्हणजे, दक्षिणेचा पंप काल संध्याकाळपासून बंद आहे," डब म्हणाला. "शहरातला माणूस पुढच्या आठवड्याशिवाय येत नाही म्हणतो. गुरं ओरडतायत, जज. मी काय करू?"

"आत्ता सही केलीत ना?" माझी बहीण म्हणाली. "तो करार घे आणि पंपाला वाचून दाखव."

मी गाडी सुरू केली. डब खिडकीशी वाकून उभाच होता, व्लास्टा आणखी काही सांगेल म्हणून. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.